मूठभर सांभार

गोंदिया जिल्ह्यात प्रत्येक वस्तूला तिचं माप आहे. धान खंडीत मोजला जातो, मिलच्या काट्यावर गेला की क्विंटलमध्ये. घरातला तांदूळ पायलीनं निघतो. तेंदूपानं पुड्यांनी मोजतात, मोहफुलं टोपलीनं. दिवाळीनंतर कुणाच्याही घरी जा, बोलणं याच आकड्यांचं: एकरी किती झाला, बोनस किती लागणार, चुकारे कधी निघणार. घरामागच्या चार-पाच झाडांना मात्र या हिशेबात कुठंच जागा नाही. सांभार मूठभर, गोडलिंब डहाळीभर, पुदिना चार काड्या, पत्ता ओवा दोन पानं. ही मापं कुठल्या बाजार समितीत चालायची नाहीत. मागणारी बाई यायची आणि घेऊन जायची. भाव विचारायचा प्रश्नच नसायचा.

मुर्री गोंदिया शहराला लागून आहे. इतकं लागून, की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं हे नव्या माणसाला कळत नाही. एकीकडे धानाच्या बांध्या आणि धुऱ्यावरची तूर, दुसरीकडे ले-आउटचे दगड आणि स्लॅबची घरं. जुन्या घरांच्या मागं अजून सांदवाडी आहे. सांदवाडी म्हणजे परसबागच, पण बाग म्हणावं इतकी ती सजवलेली नसते. विहीर किंवा हातपंप, नहाणीच्या पाण्यावर पोसलेली कोचई, म्हणजे अळू, मांडवावर दोडक्याचा नाहीतर पोपटाचा, म्हणजे वालाचा वेल, कोपऱ्यात शेवगा, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून चार पावलांवर सांभाराचा वाफा. ही चार पावलं महत्त्वाची. तेल तापत असताना सुनेनं बाहेर जावं, पानं तोडावीत, झटकून आत यावं आणि तोवर मोहरी करपलेली नसावी, या अंदाजानं आमच्याकडच्या बायकांनी झाडांच्या जागा ठरवल्या आहेत.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा कोथिंबीर, म्हणजे आमचा सांभार, ही मला भाजीवाल्यानं पिशवीत वरून टाकलेली फुकटची काडी एवढीच ठाऊक होती. सासूबाईंच्या लेखी ते पीक होतं, आणि त्याला तिथी होती. घटस्थापनेच्या आसपास पेरायचा, म्हणजे मंडईला हाताशी येतो. आमच्या या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरेधायरे येतात. एका गावची मंडई झाली की दुसऱ्या गावची. त्या दिवसांत प्रत्येक घरात माणसं वाढलेली असतात, चुलीवर मोठं गंज चढलेलं असतं, आणि रस्सा कसलाही असो, त्यावर सांभार लागतोच. धान कापणीच्या घाईत भाजीसाठी बाजारात धावायला कुणाला वेळ? म्हणून महिनाभर आधीच वाफा तयार. सासूबाईंचं पेरणीचं सगळं पंचांग पाहुण्यांवर बेतलेलं होतं.

पेरायची रीतही त्यांनीच शिकवली. आपण ज्याला धना म्हणतो ते एक बी नसतं. ते फळ असतं आणि त्याच्या दोन फाकांत दोन बिया असतात. अख्खा धना टाकला तर कवच भिजायला वेळ लागतो, उगवण मागंपुढं होते. म्हणून धने पाट्यावर पसरून वरवंटा अगदी हलक्या हातानं फिरवायचा. फाका सुट्या झाल्या पाहिजेत, आतला जीव चिरडता कामा नये. मग रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात निथळून वाफ्यात. वरून मातीचा पातळ थर आणि त्यावर तणीस. धानाचं तणीस आमच्याकडे कमी नाही. त्याच्याखाली ओल टिकते, चिमण्यांना दाणे दिसत नाहीत. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही. नंतर तणसाखाली पोपटी टोकं दिसली की तणीस संध्याकाळी काढायचं, दुपारी नाही. कोवळ्या कोंबाला पहिलं ऊन उतरतं मिळावं, हा त्यांचा आग्रह.

सांभाराचं मूळ सोटासारखं सरळ खाली जातं. त्याला जागा बदललेली खपत नाही. रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते रुसतं आणि घाईनं फुलावर येतं. म्हणून जिथं हवा तिथंच पेरावा. कुंडीत लावायचा तर कुंडी पसरट असली तरी चालेल, पण वीतभर खोल असावी. आणि सगळा एकदम पेरू नये. आज एक ओळ, पंधरवड्यानं दुसरी, आणखी पंधरवड्यानं तिसरी. एक संपत येते तोवर पुढची तयार. बाजारातली जुडी मुळासकट उपटलेली असते. घरी मात्र बाहेरची मोठी पानं कात्रीनं घ्यावीत आणि मधला कोंब राहू द्यावा, म्हणजे तीच रोपं पुन्हा दोन-तीनदा देतात.

घरच्या सांभाराचा वास बाजारच्या सांभाराला का येत नाही, याचं उत्तर रसायनात आहे. पानांचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती अल्डिहाइड गटातली. ती चटकन उडून जातात. पान तुटलं, चुरगळलं, की ती हवेत निघालीच. जुडी पहाटे शेतातून निघते, मोटारसायकलवरच्या गाठोड्यात दबते, दुकानात पाण्याचे शिपके खात पडून राहते. घरी पोचेपर्यंत हिरवा रंग शिल्लक असतो, वासाचा बराच भाग वाटेत सांडलेला असतो. उष्णतेपुढे तर ही द्रव्यं टिकतच नाहीत. म्हणून सांभार गॅस बंद केल्यावर, वरून. गोडलिंबाचं नेमकं उलट. त्याच्या पानातलं सुगंधी तेल तापल्या तेलात उतरतं आणि तेलाबरोबर सगळ्या भाजीभर पसरतं, म्हणून तो मोहरीनंतर लगेच. हे कुणी सासूबाईंना शिकवलं नव्हतं. पानं कधी टाकायची याचा क्रम त्यांच्या हातात होता, आणि तो पुस्तकातल्या कारणांशी तंतोतंत जुळत होता. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

तेच झाड फुलून फळावर आलं की त्याचा वास पूर्ण पालटतो. फळ पिकत जातं तशी अल्डिहाइडं ओसरतात आणि लिनालूल नावाचं द्रव्य वाढतं. तोच वाळल्या धन्यांचा गोडसर, उबदार वास. या दोहोंच्या मधे एक अवस्था असते. दाणे भरलेले पण हिरवे, दाताखाली चावले तर पान आणि धना दोन्ही एकत्र लागावेत असे. हे हिरवे धने कुठल्याही बाजारात मिळत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढायला लागलं की सांभार भराभर दांड्यावर येतो, पांढऱ्या छत्र्या फुलतात, मधमाश्या दिवसभर त्यांवर असतात. बऱ्याच जणी तेव्हा वैतागून वाफा उपटून टाकतात. माझं सांगणं आहे, ठेवा. भेदरं, म्हणजे टोमॅटो, चुलीवर भाजून, हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि मूठभर हिरवे धने पाट्यावर रगडा. भाकरी असो की भात, त्या चटणीपुढे दुसरं कालवण नको वाटतं. वाळलेले धने पुढच्या घटस्थापनेसाठी डब्यात.

सांभाराचा वास सगळ्यांनाच सुखाचा वाटतो असं नाही. काही माणसांना त्यात साबण जाणवतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी याचा संबंध लावला गेला. आमच्या नात्यात असे एक काकाजी होते. आयुष्यभर त्यांना ‘नखरे’ हा शब्द ऐकावा लागला. त्यांच्या ताटातली भाजी वेगळी काढायची पद्धत पडली ती त्यांच्या उतारवयात. त्या अभ्यासाची बातमी मी वाचली तेव्हा ते नव्हते. असायला हवे होते.

मेपासून सांभाराचं आमच्याकडे काही चालत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मांडवाखाली, ओल्या पोत्याच्या आडोशाला थोडा जगतो इतकंच. पावसाळ्यात वेगळी अडचण. आमचा पाऊस धानाचा. बांध्या भरून ठेवणारा तोच पाऊस कोवळ्या रोपांची मुळं कुजवतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाजारातही सांभार महागतो, भाजीवाला फुकटची काडी द्यायचं बंद करतो. उंचवट्यावर, छपराच्या वळचणीपासून दूर, मातीत धानाचा भुसा मिसळून वाफा केला तर पाणी साचत नाही. गोंदियाच्या मिलांतून हा भुसा भरपूर निघतो. आमची सिहार जमीन धानाला चांगली, पण वाफ्यात ती बसते, घट्ट होते. भुसा, शेणखत आणि पालापाचोळा यांनी ती मोकळी करावी लागते. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि थोड्या जागेत, ऊन आणि कुजलेला पाला यांवर किती पिकू शकतं हे लोकांना हाताशी धरून दाखवलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक मी फार उशिरा वाचलं. वाचताना जाणवलं, आपल्या उकिरड्याकडे असं हिशेबी आणि प्रेमानं पाहणारा माणूस दुर्मीळ.

आता गोडलिंब. पुण्या-मुंबईकडचा कढीपत्ता. सांभार पाहुणा आहे, तीन महिने राहतो. गोडलिंब घरातलाच माणूस. आमच्या विहिरीजवळचं झाड सासूबाईंच्या सासूबाईंनी लावलेलं. आता ते एक झाड राहिलेलं नाही, बेट झालं आहे. मुळांमधून नवे फुटवे येत राहतात. शिवाय पावसाळ्याच्या तोंडाला काळी-जांभळी फळं धरतात, बुलबुल ती खातात आणि बी कुठंकुठं नेऊन टाकतात. मुर्रीतल्या कित्येक कुंपणांत कुणीच न लावलेले गोडलिंब उभे आहेत, ते या बुलबुलांनी लावलेले. या बियांची एक खोड आहे: त्या फार दिवस जिवंत राहत नाहीत. डब्यात जपून ठेवल्या तर वाया. फळ पिकलं की गर धुऊन लगेच मातीत टाकाव्यात.

हा आपल्या मातीतला रहिवासी. मध्य भारताच्या पानझडी जंगलांतही तो आपणहून वाढतो. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘कोएनिगी’ हे मात्र योहान गेरहार्ड कोएनिग या वैद्याचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा हा शिष्य १७६८ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला, डेन लोकांच्या वसाहतीत आला, दक्षिणेतल्या वनस्पती गोळा करत राहिला आणि १७८५ साली इथंच वारला. परक्या मुलखात येऊन पानं-फुलं टिपणाऱ्या त्या माणसाची आठवण आपल्या रोजच्या फोडणीतल्या झाडाला चिकटली आहे. मला ती शोभते असं वाटतं. त्यानं झाडं पाहिली, नोंदवली, आपल्या गुरूपर्यंत पोचवली. झाडाशी असं वागणाऱ्याचं नाव झाडाला मिळावं.

गोडलिंब लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे, हे पान चुरगळलं की कळतं आणि अळ्या पाहिल्या की पटतं. लिंबावर येणारी फुलपाखरं याच्यावरही अंडी घालतात. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, मग हिरवी, गुबगुबीत अळी कोवळे शेंडे फस्त करते. मी ती काढत नाही. मोठ्या बेटाला चार अळ्यांनी काही होत नाही, आणि आठवडाभरात शेंडे पुन्हा फुटतात. लहान रोपावर असेल तर उचलून बेटावर नेऊन ठेवते.

या कुळामुळेच माझ्या नणंदेच्या लेकीला अमेरिकेत गोडलिंब मिळायला कष्ट पडले. संत्र्याच्या झाडांना ग्रीनिंग नावाचा रोग होतो. तो पसरवणारा सिट्रस सायला हा इवलासा किडा गोडलिंबावरही जगतो. नागपूरकडच्या संत्र्याच्या बागाईतदारांना या किड्याची चांगलीच ओळख आहे. संत्र्याच्या बागा वाचवायच्या म्हणून अमेरिकेत बाहेरच्या देशातून गोडलिंबाची ताजी पानं घेऊन येऊ देत नाहीत. नियम रास्त आहे. पण पहिल्यांदा घर सोडून गेलेल्या मुलीच्या पिशवीतून आईनं बांधून दिलेली डहाळी काढून टाकली जाते, तेव्हा तिला तो रास्त वाटत नाही. पुढे तिला तिथल्याच एका तेलुगू घरातून, कुंडीतल्या झाडाच्या मुळातून फुटलेलं एक रोप मिळालं. हिवाळ्यात ती कुंडी घरात, खिडकीशी. पानं गळतात, काड्या उरतात, एप्रिलमध्ये पुन्हा फूट. आता तिच्या झाडाचे फुटवे आणखी दोन घरी गेले आहेत. पैसे घेतले का, असं मी विचारलं तर ती म्हणाली, ‘‘मामी, गोडलिंबाचे पैसे कोण घेते वं?’’ इतकी वर्षं तिथं राहून तिचा हा ‘वं’ गेलेला नाही.

पुदिन्याबद्दल थोडं सांगितलं तरी पुरे. विकत आणलेल्या जुडीतली पानं काढून उरलेल्या काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. जमिनीखालून सरपटत तो सगळा वाफा गिळतो, म्हणून त्याला फुटकं घमेलंच बरं. अर्धी सावली आणि तांदळाचं धुवण एवढं त्याला पुरतं. सावलीत वाळवलेला पुदिना वास राखतो. सांभार वाळवला की गवत होतो. पत्ता ओवा तर त्याहून सोपा. मांसल, लवदार पानाची एक काडी खोचली की झालं. तो खरा ओवा नव्हे, त्याचं कूळ तुळशी-पुदिन्याचं; पण थायमॉल, कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं त्याच्यातही असल्यानं वास ओव्याचा. बेसनात बुडवून त्याची भजी करतात. गवती चहाला वर्षातून एकदा मुळापासून उपटून, ठोंब वेगळे करून पुन्हा लावावं, नाहीतर मधून कुजतो.

आमच्या आळीत या वस्तू मागायची एक रीत होती. स्वतःच्या हातानं तोडून न्यायच्या नाहीत. कुंपणापलीकडून आवाज द्यायचा, ‘‘सांभार आहे का वं बाई?’’ घरच्या बाईनं तोडून द्यायच्या. दिवे लागल्यावर शक्यतो मागायचं नाही. मागणारीनं वाटी आणली असेल तर ती रिकामी घेऊन जात नसे आणि पुढं कधी रिकामी परत करत नसे. कोण काय मागतं यावरून सासूबाईंना त्या घरात काय चाललंय ते कळायचं. भरपूर सांभार मागितला, म्हणजे पाहुणे आले. गवती चहा आणि पत्ता ओवा, म्हणजे लेकराला खोकला. भर दुपारी पुदिना, म्हणजे माणूस उन्हातून आला आहे आणि डोकं धरून बसला आहे. नुसता गोडलिंब मागितला तर घरात भाजी नाही, ताकाची कढी होणार आहे. अशा वेळी त्या डहाळीबरोबर दोन वांगी, थोड्या पोपटाच्या शेंगा पदराखालून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, ‘‘पडूनच राहिले होते बाप्पा.’’ मागणारीला लाजायला जागा राहू नये, याची त्यांना फार काळजी. आमच्या आळीत पोवार, कुणबी, गोंड, छत्तीसगढहून येऊन राहिलेली, सगळ्या तऱ्हेची घरं. बोली निराळ्या, देवघरं निराळी, काही घरांत एकमेकांकडचं पाणीही न घेणारी जुनी माणसं. हिरव्या पानाला मात्र कुणी विटाळ धरला नाही. एवढं एक दार सताड उघडं होतं, आणि ते या झाडांनी उघडलं होतं.

आता ‘पोषण परसबाग’ हा शब्द सरकारी कागदांत आला आहे. उमेद अभियानातल्या बचत गटांच्या बायका वाफे आखतात, शाळांमध्ये पोषण आहारासाठी बागा करायच्या मार्गदर्शक सूचना केंद्रानं २०१९ साली काढल्या. हे चांगलं काम आहे आणि ते वाढावं. त्या बागांच्या आखणीत पालक, मेथी, शेवगा यांना पहिली जागा मिळते, तेही बरोबर. लोह, जीवनसत्त्वं यांच्या हिशेबात चिमूटभर सांभाराचा वाटा तो किती असणार? पण वरणभातावर रोज भागवणाऱ्या घरात तेच वरण आजही खावंसं वाटतं ते त्या चिमटीमुळं. गरिबाच्या जेवणात पदार्थ बदलत नाही, वास बदलू शकतो. मला हे मोठं वाटतं, आणि कुठल्यातरी तक्त्यात याला रकाना असायला हवा होता.

मुर्रीत ले-आउट वाढले तसं अंगण कमी होत गेलं. कुंपणं जाऊन पुरुषभर उंचीच्या भिंती आल्या. भिंतीवरून आवाज जातो, वाटी जात नाही. बाजारात आता गोडलिंबाच्या जुड्याही विकायला असतात. विकणाऱ्या बायका लांबून येतात, त्यांच्या पोटाला ते लागतं, त्यांच्याकडून घ्यायलाही हवं. पण आमच्याच आळीतल्या नव्या सुना माझ्या बेटासमोरून जाऊन बाजारातून जुडी आणतात, कारण मागायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हल्ली मीच आधी जाते. नवं घर झालं, वास्तुशांतीचं बोलावणं आलं, की आहेराबरोबर एक गोडलिंबाचं रोप. लोक कुंडी बघून खूश होतात, आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावायची का, असं विचारायला येतात. येतात हेच मला हवं असतं.

यंदा आमच्याही घराचं काम निघालं. मुलाला मागची सगळी जागा सिमेंटची करायची होती. चिखल होतो, साप निघतो, त्याचं म्हणणं खोटं नाही. बरीच बोलणी झाली. शेवटी मागच्या दारापासून विहिरीपर्यंत हातभर रुंदीचा पट्टा मोकळा सोडायचं ठरलं आणि मिस्त्रीनं तिथं विटांची कड बांधून दिली. माती खणून त्यात भुसा आणि शेणखत घातलं आहे. पट्ट्याच्या विहिरीकडच्या टोकाला बेट आहे तसंच राहील, दाराकडच्या टोकाला पुदिन्याचं घमेलं, मधे सांभाराच्या तीन ओळी, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं. आणि बाजूच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, वाटी जाईल एवढी खिडकी ठेवायला सांगितली आहे. पलीकडच्या घरमालकिणीला विचारलं. ती म्हणाली, ठेवा काकू, पण खिडकीला दार दोन्हीकडून उघडणारं लावा.